थंड रक्ताचा माणूस : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि उपयोग

चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळी मोकळ्या पटांगणात व्याख्यान ऐकायला जमणाऱ्या आपणा मंडळींना थंडाव्याची महती निराळी सांगायला नको. दिवसभर ऊन सोसून आल्यावर माठातले पाणी पोटात गेले की जीव थंड झाला असे आपण म्हणतो. परगावी गेलेला मुलगा घरी आला की आईचे डोळे निवतात. रागावलेल्या माणसाला आपण ‘डोके थंड ठेव’ म्हणून सांगतो. आपल्या भाषेत थंडावा हा असा सुखाचा आणि शहाणपणाचा सोबती आहे. असे असता सकाळी वर्तमानपत्र उघडावे, तर ‘थंड रक्ताने केलेला खून’ असा मथळा दिसतो. हा थंडपणा खुनाच्या पंगतीला कसा जाऊन बसला?

हा प्रश्न आम्हांला आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांमुळे पडला. त्यांचा नातू शाळेचे पुस्तक वाचीत बसला होता. बेडूक, पाल, साप हे शीतरक्ती प्राणी होत, असे त्यात छापलेले. शेजारीच आजोबांचे वर्तमानपत्र पडले होते. नातवाने विचारले, “आजोबा, बेडकाचे आणि या खुनी माणसाचे रक्त सारखेच असते का हो?” आजोबांनी वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आमच्यापुढे टाकला. “अहो, दोन्हीकडे मूळ इंग्रजी शब्द एकच, ‘कोल्ड-ब्लडेड’, एवढे मला ठाऊक आहे. पण त्याचा नेमका अर्थ काय, आणि तो कुठे वापरावा, हे एकदा नीट सांगा पाहू.” त्या वेळी आम्हांलाही नीट सांगता आले नाही. मागाहून जी जुळवाजुळव केली, ती आज आपणापुढे ठेवीत आहो.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘कोल्ड’ म्हणजे थंड, ‘ब्लड’ म्हणजे रक्त, हे सर्वांना माहीत आहे. घोटाळा होतो तो शेवटच्या ‘एड’ पाशी. शाळेत आपण ‘एड’ लावून क्रियापदाचा भूतकाळ करायला शिकतो, आणि म्हणून ‘ब्लडेड’ हेही क्रियापदाचेच रूप असावे अशी आपली समजूत होते. येथे तसे नाही. येथे ‘एड’ हा प्रत्यय नामाला लागला आहे आणि त्याचा अर्थ ‘ते ज्याच्यापाशी आहे असा’ एवढाच आहे. निळ्या डोळ्यांचा तो ‘ब्लू-आइड’, उबदार अंतःकरणाचा तो ‘वॉर्म-हार्टेड’, जवळचेच पाहणारा तो ‘शॉर्ट-साइटेड’. त्याच चालीवर थंड आहे रक्त ज्याचे तो ‘कोल्ड-ब्लडेड’.

‘थंड आहे रक्त ज्याचे तो’ हा विग्रह ऐकताच संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना बहुव्रीहि समास आठवला असेल. बहुव्रीहि हा शब्द स्वतःच बहुव्रीहि आहे : पुष्कळ आहे भात ज्याच्यापाशी, असा संपन्न माणूस. हे नाव इतके सोयीचे ठरले, की युरोपातील भाषाशास्त्रज्ञांनी ते आपल्या ग्रंथांत जसेच्या तसे उचलले. तेव्हा या इंग्रजी विशेषणाची जात ओळखायला आपल्याला परक्या व्याकरणाकडे जाण्याचे कारण नाही.

बहुव्रीहीचा गुण असा, की त्यातल्या दोन्ही पदांना बाजूला सारून तो तिसऱ्याकडेच बोट दाखवतो. आपला ‘पांढरपेशा’ घ्या. ज्याच्याविषयी आपण बोलतो तो माणूस पांढरा असेलच असे नाही. ‘दुतोंडी’ माणसाची तोंडे कुणी मोजीत नाही, आणि ‘हलक्या कानाचा’ म्हटले म्हणून कुणी कान तराजूत घालीत नाही. या शब्दांत एक चित्र असते, आणि त्या चित्राने स्वभाव सुचवायचा असतो. ‘कोल्ड-ब्लडेड’ माणसाच्या बाबतीतही उष्णतामापक लावून उपयोग नाही. अत्यंत क्रूर खुन्याच्या शरीराची उष्णता मोजली, तरी ती तुमच्याआमच्यासारखी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच भरेल.

मग हे चित्र आले कोठून? त्यासाठी युरोपच्या जुन्या वैद्यकाकडे वळले पाहिजे. ग्रीक वैद्यकाने शरीरात चार रस मानले होते : रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने त्या विचाराला जी बैठक दिली, ती युरोपात शेकडो वर्षे टिकली. या मताप्रमाणे रक्त उष्ण व ओले, कफ थंड व ओला, पिवळे पित्त उष्ण व कोरडे, आणि काळे पित्त थंड व कोरडे. ज्या रसाचे प्राबल्य, तसा माणसाचा स्वभाव. आपल्या वात-पित्त-कफांची मांडणी वेगळी आहे. पण ‘त्याचे पित्त खवळले’ असे म्हणताना आपणही शरीरातल्या रसाने रागाचे वर्णन करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही कल्पना परकी वाटणार नाही.

रक्ताचा धर्मच उष्णता, असे एकदा मानले की पुढचे ओघानेच येते. राग, प्रेम, शौर्य, दया या साऱ्या भावना रक्त तापल्याने उसळतात. ज्याचे रक्त तापतच नाही, त्याच्या ठिकाणी त्या उसळत नाहीत. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ या नाटकात, जे १६२३ साली प्रथम छापले गेले, कॉन्स्टन्स ही राजस्त्री ऑस्ट्रियाच्या सरदाराला हेच विशेषण लावते. त्या सरदाराने तिच्या बाजूने लढण्याचे वचन दिलेले असते आणि ऐन वेळी तो शत्रूशी सलोखा करून मोकळा होतो. तिचा आरोप खुनाचा नाही. जेथे माणसाचे रक्त उसळायला हवे होते तेथे ते उसळले नाही, हा तिचा आरोप आहे. शब्दाचा मूळ अर्थ येथे स्वच्छ दिसतो. भावना जागी न होणे, हे त्याचे बीज.

याच चित्राची दुसरी बाजू फ्रेंच भाषेत आहे. ‘साँ-फ्र्वा’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘थंड रक्त’ असाच. अठराव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द आपल्या भाषेत घेतला, पण तो घेतला स्तुतीसाठी. वादळात जहाज हाकणारा कप्तान, शस्त्रक्रिया चालू असता अचानक रक्तस्राव झाला तरी हात थरथरू न देणारा शल्यवैद्य, यांच्या ठिकाणी ‘साँ-फ्र्वा’ आहे असे इंग्रज म्हणतो. आणि तोच इंग्रज विष घालणाऱ्याला ‘कोल्ड-ब्लडेड’ म्हणतो. रक्त दोन्हीकडे थंडच. फरक आहे तो हातून होणाऱ्या कृत्यात. म्हणजे हे विशेषण लावणारा माणूस नुसते वर्णन करीत नसतो, तो निवाडाही देत असतो. ही गोष्ट आपण पुढे उपयोगी पडण्यासाठी गाठीशी बांधून ठेवू.

आता आपल्या नातवाच्या बेडकाकडे वळू. स्वीडनच्या लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांचे सहा वर्ग केले, ते करताना हृदयाची रचना आणि रक्त यांचा आधार घेतला. सस्तन प्राणी व पक्षी उष्ण रक्ताचे, साप-बेडूक व मासे थंड रक्ताचे, अशी त्याची वाटणी. हाताला जे लागते त्यावरून ती योग्यच वाटते. बेडूक उचलला तर तो गार लागतो.

पण पुढच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजमाप घेतले, तेव्हा हा शब्द अपुरा पडू लागला. उन्हात पहुडलेल्या सरड्याचे रक्त आपल्याइतके, कधी आपल्याहूनही अधिक ऊन असते. अमेरिकेच्या वाळवंटातला एक इग्वाना तर शरीराची उष्णता ४० अंश सेल्सिअसच्या आसपास राखून हिंडतो. उलट उष्ण रक्ताच्या वर्गातली काही वटवाघळे आणि चिमुकले हमिंगबर्ड पक्षी विश्रांतीच्या काळात अंगाची उष्णता पुष्कळच खाली उतरवतात. ट्यूना मासा सभोवतालच्या पाण्यापेक्षा आपले स्नायू ऊन ठेवतो. मग थंड कोण आणि उष्ण कोण?

खरा भेद रक्ताच्या उष्णतेचा नसून ती उष्णता कोठून येते आणि किती स्थिर राहते याचा आहे. आपण खाल्लेल्या अन्नातून सतत उष्णता निर्माण करतो. सरडा ती उन्हातून घेतो. यातला हिशेबही पाहण्यासारखा आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढे अन्न लागते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर सरपटणारा प्राणी भागवतो. अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो तो याच काटकसरीमुळे. म्हणून शास्त्रज्ञांनी नवे शब्द केले. मराठीत नियततापी आणि अनियततापी असे पर्याय रूढ आहेत, आणि ते ‘उष्णरक्ती’ व ‘शीतरक्ती’ यांपेक्षा खरे आहेत.

अजगराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या अजगराची मादी अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते आणि आपले स्नायू पुनःपुन्हा आखडते. थंडीने आपल्याला काकडा भरतो तसाच हा प्रकार. त्यातून उष्णता निर्माण होते आणि अंडी उबतात. अशा मादीचे शरीर सभोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक ऊन राहते, हे मोजमापासह १९६६ साली प्रसिद्ध झाले. ज्या प्राण्याला आपण थंड रक्ताचा म्हणून हिणवतो, तो आपल्या पिलांसाठी अंगातली ऊब खर्ची घालतो. तेव्हा नातवाच्या प्रश्नाला उत्तर असे : बेडूक आणि खुनी यांचा काही संबंध नाही. बेडकाचे रक्त परिस्थितीप्रमाणे गार असते, खुन्याचे रक्त गार नसतेच. पहिल्या ठिकाणी शब्द अर्धवट खरा आहे, दुसऱ्या ठिकाणी तो केवळ लक्षणेने आला आहे.

पण ही लक्षणा साधी नाही. तिच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, आणि म्हणूनच आम्ही हा विषय येथवर आणला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खुनाच्या व्याख्येला काही अपवाद होते. त्यांतला पहिला अपवाद गंभीर आणि अचानक झालेल्या प्रक्षोभाचा. चौथा, पूर्वनियोजन नसता अचानक उद्भवलेल्या भांडणात भावनेच्या उष्णतेत झालेल्या कृत्याचा. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे अपवाद तिच्या १०१ व्या कलमात कायम आहेत. गंमत अशी, की कायद्याच्या या व्याख्येत ‘उष्णता’ आहे, ‘थंड रक्त’ नाही. कायदा प्रथम विचारतो : रक्त तापलेले होते काय? आणि त्यापाठोपाठ विचारतो : ते निवायला वेळ मिळाला होता काय?

मुंबईत गाजलेला नानावटी खटला जुन्या मंडळींना आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांना आपल्या पत्नीचे प्रेम आहुजा यांच्याशी संबंध असल्याचे तिच्याच तोंडून कळले. त्यानंतर त्यांनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहात पोचवले, आपल्या जहाजावर जाऊन वेगळे कारण सांगून रिव्हॉल्वर घेतले, आधी आहुजांच्या कचेरीत आणि मग त्यांच्या घरी गेले. ज्यूरीने त्यांना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. घरातून निघाल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. मनावर ताबा मिळवायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पुढे राज्यपालांनी त्यांना माफी दिली तो भाग निराळा. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की तापलेले रक्त किती वेळात निवते, या प्रश्नाभोवती तो सारा खटला फिरला.

यापुढची पायरी अधिक कठीण. खून ठरला, आता शिक्षा जन्मठेपेची की फाशीची? १९८० साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फाशी केवळ दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणी द्यावी, आणि ती देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहावे. तो सुधारण्याची शक्यता आहे काय, हेही विचारात घ्यावे. १९८३ साली मच्छीसिंग खटल्यात न्यायालयाने अशा प्रकरणांचे काही नमुने दिले. त्यांत, मालमत्ता मिळवण्याच्या हेतूने, विश्वासाच्या नात्याचा फायदा घेऊन, योजून केलेल्या खुनाचा उल्लेख आहे, आणि तेथे ‘कोल्ड-ब्लडेड’ हेच विशेषण आले आहे.

येथे व्याकरण आपल्या मदतीला येते. बहुव्रीहि समास एखाद्याच्या अंगी काय आहे ते सांगतो. निळ्या डोळ्यांचा माणूस उद्या काळ्या डोळ्यांचा होत नाही. म्हणून ‘थंड रक्ताचा माणूस’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत असे ठसते, की हा याचा जन्मजात पिंड आहे, तो बदलायचा नाही. पण न्यायालयापुढे असते ते एका दिवशी घडलेले एक कृत्य, आणि प्रश्न असतो तो या माणसात पुढे बदल होईल की नाही, याचा. शब्दाने त्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकले, तर पुरावा तपासायचा कशासाठी? खून थंडपणे केलेला असू शकतो. त्यावरून माणूस कायमचा थंड ठरतो, असे मात्र म्हणता येत नाही. मघाशी आपण गाठ बांधून ठेवली होती, की हे विशेषण लावणारा निवाडा देत असतो. तेव्हा ते लावण्यापूर्वी निवाडा देण्याइतकी सामग्री आपल्यापाशी आहे काय, हे वर्तमानपत्र लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही स्वतःला विचारले पाहिजे.

आता उपयोगाचे दोन-चार नियम सांगून आवरते घेतो. पहिला, ‘कोल्ड-ब्लडेड’ म्हणजे ‘भयंकर’ नव्हे. रागाच्या भरात कुणी पंचवीस वार केले, तर ते कृत्य भयंकर खरेच, पण ते तापलेल्या रक्ताचे आहे. उलट महिनाभर रोज थोडे थोडे विष घालणाऱ्याच्या घरात रक्ताचा थेंब सांडला नसेल, तरी हे विशेषण त्यालाच शोभते. दुसरा, ते माणसापेक्षा कृत्याला लावणे अधिक न्यायाचे. तिसरा, लढाईत शत्रूला मारणे वेगळे आणि शरण आलेल्या कैद्याला मागाहून मारणे वेगळे. इंग्रजी भाषा दुसऱ्यालाच ‘थंड रक्ताने’ मारणे म्हणते, आणि तो भेद राखण्यासारखा आहे. चौथा, प्राण्यांच्या बाबतीत तो शब्द शक्यतो टाळावा आणि नियततापी-अनियततापी हे शब्द रुळू द्यावेत.

मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न उरतो. ‘थंड रक्ताचा’ हे भाषांतर आम्हांला पसंत नाही. आपल्याकडे ‘फार थंड माणूस आहे हो’ म्हटले, तर ऐकणारा त्याला आळशी किंवा मख्ख समजतो, क्रूर समजत नाही. जेथे योजनेवर भर द्यायचा तेथे ‘योजून केलेला’ किंवा ‘थंड डोक्याने केलेला’ हे शब्द पुरेसे आहेत. आणि जेथे दयेचा अभाव सांगायचा, तेथे आपल्यापाशी ‘निर्घृण’ हा शब्द फार पूर्वीपासून आहे. आज आपण घृणा म्हणजे किळस समजतो. पण संस्कृतात ‘घृण’ म्हणजे उष्णता, ऊन, आणि ‘घृणा’ या शब्दाचा एक जुना अर्थ दुसऱ्याविषयी वाटणारी कणव, दया असा आहे. ती कणव ज्याच्यापाशी उरली नाही तो निर्घृण. म्हणजे ज्याच्या अंतःकरणातली ऊब गेली, तो.

आमच्या शिक्षकमित्रांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, “म्हणजे शब्द आपल्या घरातच होता, आणि आपण तो बाहेरून आणीत होतो.” आम्ही म्हटले, होय. आणि नातवालाही एक गोष्ट जरूर सांगा : रक्त कोणाचेच थंड नसते. थंड पडते ते दुसरेच काहीतरी, आणि ते पुन्हा ऊन होऊ शकते की नाही, हे घाईने ठरवू नये.